गाळलेले आकडे

नकाशेकाका केबिनच्या दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्या हातात डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद होता, आणि चेहरा नापास झालेल्या मुलाने घरी प्रगतिपुस्तक आणावं तसा होता.

"या ना काका. काय म्हणाली आमची ताई?"

"डोळे चांगले आहेत म्हणाल्या." काका खुर्चीच्या कडेवर टेकले. "अगदी चांगले. लांबचं, जवळचं, रंग, सगळं ठीक. मोतीबिंदूचं नाव नाही."

"अहो, मग चांगलंच झालं की!"

"चांगलं कसं, मॅडम? डोळे अधू असते तर म्हटलं असतं, ती तार दिसली नाही. पण डोळे धड आहेत. म्हणजे तार दिसत होती, आणि दिसूनही मला कळली नाही." त्यांनी कपाळावर बोट टेकवलं. "बिघाड डोळ्यांत नाही. मागे आहे."

चार शब्द बोलायचे होते. काका, चूक तुमची नव्हती. शब्द जिभेवर आलेही होते. पण धाकटी म्हणाली, "असं काही नसतं हो काका, तुम्ही उगाच मनाला लावून घेता." असलं मुळमुळीत बोलून झाल्यावर तिने समोरच्या पडद्याकडे तोंड वळवलं आणि काहीतरी फार महत्त्वाचं वाचत असल्याचं सोंग केलं. काका कागदाची घडी घालून निघून गेले. तिच्या कानांच्या पाळ्या किती तरी वेळ गरम राहिल्या होत्या.

तिला धाकटी म्हणायचं, कारण दोघी बहिणींत ती धाकटी. पन्नाशी उलटली, केस पिकले, हाताखाली नऊ माणसं आली, तरी घरच्यांच्या तोंडचं ते नाव काही सुटलं नाही. ऑफिसात ती मॅडम. आपण मात्र धाकटीच म्हणू, कारण या गोष्टीत ती मोठ्या माणसासारखी वागलेली नाही.

तिचं काम म्हणजे सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिप आखणं. आवाज असो, उजेड असो, की यंत्राची थरथर, जगातलं सगळं लाटेसारखं सलग चढतं-उतरतं. संगणकाला सलग काही कळत नाही, त्याला आकडे लागतात. म्हणून मध्ये एक चिप बसवायची. ती लाटेला ठरावीक क्षणी पकडते आणि विचारते, बाई गं, तू या रेषेच्या वर की खाली? हा निवाडा करणारा जो इवलासा सर्किटचा तुकडा, त्याला कंपॅरेटर म्हणतात. असे निवाडे भराभर झाले की आकडा तयार. सेकंदाला जितके जास्त आकडे, तितकी चिप वेगवान.

वेग ही धाकटीची आवड होती आणि खोडही. सेकंदाचे एक लाख कोटी तुकडे केले, तर त्यांतले एकशे वीस तुकडे आधीच्या चिपमध्ये कंपॅरेटरला निवाड्यासाठी मिळत. धाकटीने ते ऐंशीवर आणले. साहेबांनी पाठ थोपटली, दुसऱ्या कंपन्यांच्या लोकांनी भर सभेत टाळ्या वाजवल्या, आणि धाकटी महिनाभर जमिनीपासून चार बोटं वर चालत होती.

पण कंपॅरेटरचं एक दुखणं असतं. लाट नेमकी रेषेच्या काठावर असली, ना धड वर ना धड खाली, तर त्याला ठरवायला जास्त वेळ लागतो. वेळ संपेपर्यंत ठरलं नाही, तर पुढचं एक सर्किट त्याचं उत्तर ‘वर’ असं वाचतं, दुसरं ‘खाली’ असं, आणि त्या घोळातून भलताच आकडा बाहेर पडतो. पाचशे अकराच्या जागी एक हजार तेवीस. कोट्यवधी आकड्यांत एखादा. हे या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. धाकटीलाही होतं. तिने गणित मांडून पाहिलं होतं, चिप हातात आल्यावर लॅबच्या टेबलावर तासन्‌तास तपासली होती, आणि भलता आकडा म्हणून एक सापडला नव्हता.

आता नकाशेकाका. सर्किट आखणारा आखतो, पण चिपवर कोणती तार कुठून जाईल, कोण कोणापासून किती अंतरावर बसेल, याचा नकाशा दुसराच माणूस काढतो. काका तीस वर्षं तेच करत होते. पूर्वी टेबलाएवढ्या कागदावर, आता पडद्यावर. तपासणीचा प्रोग्राम ‘शून्य चुका’ म्हणून मोकळा झाला, तरी काका मान तिरकी करून पाहत आणि म्हणत, "इथे जरा गर्दी झालीय." आणि तिथे खरोखरच गर्दी झालेली असे. नव्या लोकांना त्यांचा धाक नव्हता, पण त्यांनी ‘जाऊ द्या’ म्हटल्याशिवाय कोणाचा नकाशा कारखान्यात जात नसे.

मग तक्रार आली. ती चिप एका कंपनीने पाइपांची तपासणी करणाऱ्या यंत्रात बसवली होती. पाइपात आवाजाची लाट सोडायची आणि परत येणाऱ्या लाटेवरून आत भेग आहे का ते ओळखायचं. यंत्र मधूनच, काही कारण नसताना, धडधाकट पाइपात भेग दाखवत होतं. साहेबांनी सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बोलावलं. धाकटीच्या टेबलावर चिप निर्दोष, ग्राहकाच्या यंत्रात सदोष. तिने दोन दिवस डोकं खाजवलं होतं, आणि नकाशाच्या एका कोपऱ्यात तिला हवं ते सापडलं होतं. क्लॉकची तार, म्हणजे सगळ्या चिपला ठेका देणारी तार, कंपॅरेटरच्या नाजूक तारांच्या बरीच जवळून गेली होती.

तिने नकाशा भिंतीवर दाखवला आणि त्या कोपऱ्याभोवती लाल वर्तुळ काढलं. "त्यांच्या यंत्रात क्लॉक जास्त जोरकस असणार. त्याचा धक्का इथे बसतो. हे अंतर कमी पडलंय."

त्या वेळी तिला ते मनापासून खरं वाटत होतं, एवढं तिच्या बाजूने म्हणायला हवं. यापुढे तिच्या बाजूने म्हणण्यासारखं फारसं नाही.

काका उठून भिंतीजवळ गेले. वर्तुळाकडे बराच वेळ पाहत राहिले. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, धाकटीकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. मग म्हणाले, "माझ्या नजरेतून सुटलं असेल." झालं. कोणी ओरडलं नाही, कोणी टोमणा मारला नाही. दुसऱ्या एकाने तार बाजूला सरकवली, नवा नकाशा कारखान्यात गेला. चिप बनून यायला तीन महिने लागणार होते. काकांनी मात्र त्या दिवसापासून नवा नकाशा हातात घेतला नाही. "मी आता तपासतो फक्त," म्हणायचे. पुढे पुढे तपासायलाही कचरू लागले. एकेक कोपरा सात-सात वेळा पाहायचे आणि तरी ‘जाऊ द्या’ म्हणताना त्यांचा आवाज खाली जायचा.

आणि मग एका दुपारी, जेवणानंतरच्या सुस्त वेळी, धाकटी पुढच्या चिपसाठी लॅबमधल्या तपासणीचा जुना प्रोग्राम ओळीने वाचत बसली होती. स्वतःच तीन वर्षांपूर्वी लिहिलेला. मध्येच एक ओळ आली. जो आकडा अपेक्षेपेक्षा फार दूर असेल, तो गाळून टाकायचा आणि पुढे जायचं, एवढंच ती ओळ करत होती. तिच्या शेजारी धाकटीनेच टिपून ठेवलं होतं: केबल बदलली की ही ओळ काढणे.

तिला सगळं आठवलं. तेव्हा लॅबमधली एक केबल सैल होती. कोणी दार आपटलं की हिसका बसायचा आणि वेडेवाकडे आकडे यायचे. नवी केबल यायला आठवडा होता आणि तिला घाई होती, म्हणून ही तात्पुरती ओळ. नवी केबल आली, बसली. ओळ तशीच राहिली.

प्रोग्राम गाळलेले आकडे एका बाजूच्या फाइलमध्ये इमानदारीने लिहून ठेवत होता. ती फाइल आजवर कोणीही उघडली नव्हती. धाकटीने उघडली. एक हजार तेवीस, एक हजार तेवीस, शून्य, एक हजार तेवीस. पानंच्या पानं. तिने लॅबमध्ये जाऊन ती ओळ काढून जुनी चिप पुन्हा चालवली, आणि पडद्यावर जागोजागी उभ्या रेघा उठल्या. मग क्लॉकचा ठेका सावकाश करून निवाड्याची वेळ ऐंशीवरून शंभरावर नेली. रेघा विरळ झाल्या. एकशे वीस केल्यावर एकही उरली नाही.

तारेचा काही संबंध नव्हता. कंपॅरेटरला विचार करायला सवड मिळत नव्हती, आणि ती सवड तिनेच काढून घेतली होती, टाळ्यांसाठी.

त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. ते तिला कळत नव्हतं असं नाही. पण तिने काय केलं? दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेली आणि सहज सुचल्यासारखं म्हणाली, "पुढच्या आवृत्तीत कंपॅरेटरला जरा जास्त वेळ देऊ या का? तेवढाच भरवसा वाढेल." साहेब म्हणाले, "द्या की." विषय संपला. ग्राहकाला नीट चालणारी चिप मिळणार होती, थोडी उशिरा का होईना. चूक निस्तरली होती, म्हणजे चिपमधली. काकांना कोणी शिक्षा केली नाही, पगार कापला नाही, मग उगाच जुनं उकरून काय साधणार? अशी स्वतःची समजूत घालायला एक दिवस लागतो. ती तशीच टिकवायला रोज लागतं, आणि धाकटी ते रोज करत होती.

अंगात शरम मुरली की माणूस नको तितका प्रेमळ होतो. धाकटी काकांशी फार गोड वागू लागली. त्यांच्या टेबलाशी थांबायची, तब्येत विचारायची, त्यांच्या चहात साखर कमी आहे ना ते बघायची. फाइल उघडल्यापासून चौदाव्या दिवशी काकांनी विचारलं, "मॅडम, तुमच्या ताई डोळ्यांच्या डॉक्टर ना? जरा दाखवून घ्यावं म्हणतो." तिने लगेच नंबर लिहून दिला. वर, "माझं नाव सांगा, थांबावं लागणार नाही," असंही म्हणाली. माहीत असून म्हणाली. आणि सोळाव्या दिवशी काका तो कागद घेऊन केबिनच्या दारात उभे राहिले. ते आपण पाहिलंच.

बाविसाव्या दिवशी ताईचा फोन आला.

"धाकटे, ते तुझे नकाशेकाका अफाट आहेत हं. माझ्या तक्त्याच्या तळाशी छापखान्याचं नाव आहे ना, मुंगीएवढं, तेसुद्धा वाचून दाखवलं त्यांनी. मला माहीतच नव्हतं तिथे काही लिहिलंय ते!"

धाकटी हसली.

"पण आज परत आले होते अगं. मेंदूच्या डॉक्टरांचं नाव मागत होते. मोठा भाऊ असाच गेला म्हणाले. आधी बारीकसारीक सुटायला लागलं, मग माणसं सुटली. माझीही पाळी आली, म्हणाले. मी म्हटलं, अहो, तुमच्याशी बोलून तसं वाटत नाही. तर हसले नुसते. ऑफिसात झालंय तरी काय?"

"काही नाही गं. एका तारेवरून जरा..."

"एका तारेवरून माणूस मेंदूचा डॉक्टर शोधतो?"

"बघते मी," धाकटी म्हणाली, आणि कोणीतरी आलंय असं सांगून फोन ठेवला. कोणीही आलं नव्हतं. ती स्वच्छतागृहात गेली, नळ सोडून उभी राहिली. आरशात पाहायचं तिने टाळलं. तिला स्वतःची किळस आली होती, आणि तरीही बाहेर येऊन ती सरळ आपल्या खुर्चीत जाऊन बसली.

शुक्रवारी काकांनी राजीनामा दिला. साहेब तिच्या केबिनमध्ये डोकावून म्हणाले, "नकाशेकाका चालले. वय झालं बिचाऱ्यांचं. तुम्ही ती तार पकडलीत म्हणून कळलं तरी, नाहीतर अजून किती घोळ घालून ठेवले असते कोणास ठाऊक." धाकटीने मान हलवली. होय अशी हलवली. शनिवारभर ती मान तिच्या डोळ्यांसमोर हलत राहिली.

रविवारी सकाळी दहाला ती काकांच्या दाराशी उभी होती. तिसरा मजला, लिफ्ट नाही. धाप लागल्यामुळे घंटा वाजवायला थोडा वेळ काढता आला, तेवढंच सुख.

दार काकूंनी उघडलं. गोल चेहऱ्याच्या, हातात पुसायचं फडकं. "अगंबाई, मॅडम! या या. अहो, कोण आलंय बघा!"

धाकटी आत आली आणि जागच्या जागी थांबली. दाराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या कागदाची पट्टी होती: किल्ली घेतलीस का? शेजारच्या बटणांखाली: दिवा, पंखा, जिन्यातला दिवा. कपाटाच्या खणांवर: चष्मा, औषधं, बिलं. स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून शेगडीवरची भिंत दिसत होती, तिथे जरा मोठ्या अक्षरांत: बंद केलीस का? सगळी अक्षरं एका उंचीची, ओळी सरळ, दोन शब्दांतलं अंतर कुठेही कमीजास्त नाही. ते अक्षर ती वीस वर्षं ओळखत होती.

काकूंनी तिची नजर पाहिली. "यांचे उद्योग," त्या हसून म्हणाल्या. "आत्तापासून सवय लावून घेतो म्हणाले. माझ्या डब्यांनाही सोडलं नाही हो! चाळीस वर्षांत मी कधी साखरेच्या जागी मीठ घातलं नाही, तर म्हणे तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे." हसता हसता त्यांनी फडक्यानेच डोळे टिपले.

काका बाहेर आले. घरातल्या कपड्यांत ते लहान दिसत होते. "मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

ती बसली नाही. बसली असती तर चहा आला असता, चहाबरोबर इकडचं तिकडचं आलं असतं, आणि तिने पुन्हा वेळ मारून नेली असती. उभ्यानेच बोलली. ओळीचं सांगितलं, केबलचं सांगितलं, गाळलेल्या आकड्यांचं सांगितलं. सांगताना ती काकांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे पाहत होती.

"आणि तार?" काकांनी विचारलं.

"तारेचा काही संबंध नाही. अंतर पुरेसं होतं. मी पुन्हा मोजून पाहिलं."

"किती भरलं?"

तिने आकडा सांगितला. काका मटकन खुर्चीत बसले. "बरोबर," ते हळूच म्हणाले. "तेवढंच ठेवलं होतं मी. मोजून."

"मोजून?"

"मला लख्ख आठवत होतं, मॅडम. त्या कोपऱ्यात जागा कमी होती म्हणून तीनदा मोजलं होतं. मीटिंगमध्ये सांगणारही होतो. पण तुम्ही म्हणालात कमी पडलंय. तुम्ही कशाला चुकाल? मग मला वाटलं, मी मोजलं हे जे मला आठवतंय, तेच झालेलं नसेल. दादाचंही असंच होतं. न झालेल्या गोष्टी त्याला लख्ख आठवायच्या." त्यांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. "म्हणजे मी मोजलं होतं."

"मोजलं होतं, काका."

काकूंनी एव्हाना भिंतीचा आधार घेतला होता. "म्हणजे यांना काही झालेलं नाही?"

"काही झालेलं नाही. चूक माझी होती."

"देवा!" काकू म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, सहज विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"काल," धाकटी म्हणाली.

कुठून आला तो शब्द, देव जाणे. इतकं बोलून झाल्यावर, निम्मं ओझं उतरल्यावर, तोंडातून सफाईने निघून गेला. आणि काकूंचा चेहरा असा उजळला, की तो परत घ्यायची सोय राहिली नाही. "काल कळलं आणि आज सुट्टीच्या दिवशी धावत आलात! दुसरं कोणी असतं तर मूग गिळून बसलं असतं. माणसाने असं असावं!" बोलता बोलता त्यांनी बटणांखालची पट्टी ओढून काढली. "चला, हा पसारा आधी काढते." चष्मा निघाला, औषधं निघाली. काकू हसत होत्या आणि रडत होत्या आणि पट्ट्या चुरगाळून मुठीत कोंबत होत्या.

काका उठून धाकटीजवळ आले. "आता साहेब तुम्हाला बोलतील. ग्राहकही आकांडतांडव करेल. मी येतो उद्या तुमच्याबरोबर. सांगतो, तपासणी दोघांची होती, मीही ती फाइल कधी मागितली नाही म्हणून. दोघांत वाटून घेतलं की जड नाही जात."

धाकटीने आयुष्यात मार खाल्ला नव्हता. पण बसला असता तर तो असाच लागला असता. तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, आणि जमीन काही दुभंगेना.

"काल नाही," ती म्हणाली.

"काय?"

"काल नाही कळलं, काका. सव्वीस दिवस झाले."

काकूंचा हात बिलांच्या खणावर थांबला.

काका हिशेब करू लागले. ते तिला दिसत होतं, कारण काका हिशेब करताना ओठ हलवायचे. "म्हणजे ताईंचा नंबर दिलात तेव्हा..."

"माहीत होतं."

"मी कागद घेऊन आलो तेव्हा."

"हो."

काकांनी खोलीभर नजर फिरवली, लावलेल्या पट्ट्यांवरून, काढलेल्या पट्ट्यांच्या चिकट डागांवरून. "पहिली पट्टी त्या दिवशी लावली मी," ते म्हणाले. "तुमच्या केबिनमधून घरी आलो तेव्हा."

माफ करा हे शब्द तिने वाटेत घोकले होते, आणि आता ते उच्चारणं म्हणजे आणखी काहीतरी मागणं झालं असतं.

"मी नाही येणार तुमच्याबरोबर," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. "उद्या सगळ्यांना बोलवा. त्याच खोलीत. नकाशाही तोच लावा भिंतीवर, त्या लाल वर्तुळासकट. आणि दिवसही सांगा. सव्वीस."

"सांगते."

काका गॅलरीत गेले आणि कठड्यावर हात टेकून, पाठ करून उभे राहिले.

काकूंनी मुठीतला चोळामोळा टेबलावर ठेवला. मघाची हसरी बाई कुठेतरी निघून गेली होती. "उरलेल्या तुम्ही काढा," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या.

धाकटीने पिशवी खाली ठेवली. आधी दाराची पट्टी काढली, मग बिलांची. स्वयंपाकघरात गेली, शेगडीवरची काढली. डब्यांवरच्या एकेक सोलून काढल्या. काकांनी त्या कायमच्या म्हणून चिकटवल्या होत्या, नखाने खरवडल्याशिवाय निघत नव्हत्या. कोणी तिला थांबवलं नाही, कोणी मदत केली नाही. ती बाहेरच्या खोलीत आली आणि चारी भिंतींवरून नजर फिरवली. कपाटाच्या वर, छताजवळ, काका-काकूंचा लग्नातला फोटो होता. त्याच्या चौकटीवर खालच्या बाजूला एक पट्टी होती, इतरांपेक्षा लहान अक्षरांची. तिने स्टूल ओढलं आणि वर चढली.

"तिथेही आहे?" काकू म्हणाल्या. "ही कधी लावली? मला नाही सांगितलं. काय लिहिलंय?"

धाकटीने वाचलं होतं. तिने पट्टीच्या कडेखाली नख घातलं.

"मला इथून दिसत नाही. वाचा ना."

"काकू, मी काढते फक्त..."

"वाचा."

गॅलरीतल्या पाठीने वळून पाहिलं नाही. धाकटीने मोठ्याने वाचलं:

"ही तुझी बायको. ओळखली नाहीस तरी हिच्यावर ओरडू नकोस."